सहीच्या वरचा हिरवा

साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची जीप कॉलेजच्या आवारात शिरली, तेव्हा सुमनच्या चित्रावर मी फिरवलेला हिरवा रंग अजून ओला होता. खाली उजव्या कोपऱ्यात तिची सही. ती पाणी आणायला गेली होती.

दुष्काळाचं साल. पत्र्याच्या वर्गात ब्रश धुवायला दिवसाला एकच बादली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे रंग मिळून पाणी मातकट व्हायचं, मग ते दारातल्या लिंबाला. आता वर्गात नळ आहे. तरी ती बादली आठवते.

मी चित्रकलेचा मास्तर. शनिवारचा शेवटचा तास धंद्याचा असायचा. काम कसं मिळवायचं, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं. मी गॉगल लावून गिऱ्हाईक व्हायचो, पोरं हसून लोळायची. दोन नियम पाठ करून घेतले होते. काय हवंय ते गिऱ्हाइकालाच विचारायचं, त्याला आम्ही ब्रीफ म्हणतो. आणि आपल्या कामावर सही करायचीच.

सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालाचं कव्हर हे आमचं पहिलं खरं काम. ब्रीफ सुमननंच घेतलं. "आपल्या भागाचं चित्र काढ, बाई," साहेब म्हणाले होते. सुमन तलवाड्याची, आईबाप ऊस तोडायला जाणारे. तिनं गुडघ्याएवढा पिवळा पडलेला ऊस काढला. तोच ऊस वैरण म्हणून जनावरांच्या छावणीकडं नेणारी बैलगाडी काढली. फार सुरेख होतं. मीच घाबरलो. कुणाला न विचारता सगळं हिरवंगार करून टाकलं.

ती आली. बादली खाली ठेवली.

"सर, हे काय केलं?"

"गिऱ्हाइकाला असंच लागतं."

तेवढ्यात साहेब आत आले, "छान" म्हणाले आणि चित्र घेऊन गेले.

कारखान्याच्या सभेत तिचा सत्कार ठेवला होता. आम्ही स्टेजवर, समोर सगळे सभासद शेतकरी, प्रत्येकाच्या हातात अहवाल. सुमननं नारळ घेतला आणि मागून एक जण उठला.

"पोरी, ह्यो ऊस कुणाच्या रानातला हाय?"

मांडव हसला.

"हितं एवढा ऊस होता, तर तुझे मायबाप तोडीला काहून गेलते गं?"

साहेब माझ्या कानाशी वाकले. "मास्तर, हिरवं मी कुठं मागितलं होतं?"

सुमन माझ्याकडं बघत होती. 'तो हिरवा माझा आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मी अहवालाची पानं चाळत बसलो.

तिनं कोर्स पुरा केला. आता मांजरसुंब्याला तिचं बोर्ड रंगवायचं दुकान आहे. तिथल्या ढाब्यांवर चहाला थांबलो की तिच्या बोर्डांचा उजवा कोपरा बघतो. सही कुठंच नसते.

गेल्या वर्षी दुकानात गेलो आणि तो हिरवा माझा होता, हे मांडवात बोलायला हवं होतं, असं कबूल केलं. तिनं ब्रश पुसला.

"मला म्हाईतच हाय की सर. त्या मांडवातल्यांना न्हवतं."

म्हणून हे छापायला देतोय. त्या मांडवातले जे कुणी वाचत असतील, त्यांच्यासाठी.

शनिवारचा तास अजून घेतो. नियम थोडा बदललाय. सही करा, पण चित्र हातातून जाताना. तोवर मास्तरला ब्रश देऊ नका.