सुरा लागल्यावरचं गाणं

दिवाळीच्या झाडणीत सूनबाईनं माळ्यावरून एक व्हिडिओ कॅसेट काढली. झाकण उघडलं, बुरशीचा आंबूस वास आला आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या एका रविवारच्या दुपारी जाऊन पडले.

जर्मनीतल्या माझ्या दिरानं ऑपेराची, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाची, ही कॅसेट पाठवली होती. सीताबर्डीच्या बाजारातून भाड्यानं व्हीसीआर आणलेला, त्यामुळे सगळी गल्ली आमच्या बैठकीत. पडद्यावर नवऱ्यानं बायकोच्या पोटात सुरा खुपसला. पांढरा झगा रक्तानं भिजला, तरी ती पडल्या पडल्या गातच होती, छप्पर हादरेल अशी.

सासूबाई ओरडल्या, "अवं, गाऊन काय राहिली, पळ ना वं!"

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिले आणि चहा उतू गेला. हे आत आले, माझे केस धरले आणि मला भिंतीवर आपटलं. नेहमीचंच. मार खाताना मी पदर तोंडात कोंबायची. घराण्याची अब्रू म्हणे माझ्याच दातांत अडकलेली! केवढी शहाणी मी!

पुन्हा हात उठला, तेव्हा मी पदर थुंकला आणि त्या बाईसारखीच लांबलचक किंचाळले. सगळी बैठक दारात जमली. सासूबाईंनी माझं फुटलेलं कपाळ पाहिलं आणि लाटणं उचलून मुलाच्या मनगटावर हाणलं.

"काहून रे, टीव्हीतली मेली थे पुरलं नाही का तुले?"

त्यानंतर ह्यांचा हात डोकं खाजवायला जरी वर गेला, तरी मी नुसता घसा खाकरायची. हात मुकाट खाली यायचा.