खड्डा नंबर सतरा

बाळोबा वाळूच्या खड्ड्यात आकड्यांची लांब पट्टी धरून उभा होता, मी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून आकडा वाचत होतो, आणि पाठीमागून पांढऱ्या मिशांचे एक मेजर माझ्यावर ओरडत होते. त्यांचा चेंडू बाळोबाच्या पायाशी येऊन पडला होता. बाळोबाने तो उचलला, धोतराला पुसला आणि मोठ्या अदबीने त्यांच्या हातात नेऊन दिला. त्यामुळे मेजर जास्तच भडकले.

"तुम्ही इथं काय करताय?"

"लेव्हल घेतोय, सर. खड्ड्याची."

"कशाला?"

"किती खोल आहे ते बघायला."

मेजरांनी आधी माझ्याकडे, मग दुर्बिणीकडे पाहिलं. "कित्येक वर्षं मी या खड्ड्यात पडतोय," ते म्हणाले. "किती आहे?"

"तीन फूट दोन इंच."

"मला सहा वाटत होता," असं म्हणून ते थोडे निवळले.

मी तेव्हा ओव्हरसियर होतो. म्हणजे जमीन मोजायची, तिचा चढउतार काढायचा, नकाशा करायचा आणि वरच्या साहेबांनी त्यावर सही केली की आपण बाजूला व्हायचं. चढउतार काढायचं साधन म्हणजे ती तिपाईवरची दुर्बीण, आणि समोर कोणीतरी उभी धरायची ती आकडे रंगवलेली लांब पट्टी, म्हणजे स्टाफ. माझा स्टाफ धरणारा बाळोबा पिंपरी गावचाच, पन्नाशीचा शेतकरी. शेती भावावर टाकून तो आमच्याकडे लागला होता.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पिंपरीच्या आसपास तेव्हा ज्वारी जास्त आणि कारखाने बोटांवर मोजण्याइतके होते. आमच्या कंपनीचा कारखाना तर अजून कागदावरच होता. त्याच्यासाठी दोन जागा निघाल्या होत्या. एक स्टेशनापासून जवळ, मुंबई रस्त्याला अगदी लागून. दुसरी भोसरीच्या बाजूला, आत, मुरमाचा माळ. दोन्ही मी मोजल्या होत्या. रस्त्यालगतची जमीन काळी होती आणि तिच्या मधून ओढा जात होता. जानेवारीत तो कोरडा ठाक. पण बाळोबाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "रावसाहेब, हितं कारखाना न्हाई, भात लावा. आखाड-श्रावणात ह्यो वढा समदा पसरतो." मी आणखी चार जणांना विचारलं, बांधावरच्या बाभळींवर पाण्याच्या खुणा पाहिल्या, आणि रिपोर्टात स्पष्ट लिहिलं: जागा पुराच्या पाण्याखाली जाते.

रेगे साहेब आमचे जनरल मॅनेजर. त्यांना रस्त्यालगतचीच जागा हवी होती. कारण विचारलं तर ते 'दळणवळण' म्हणत. खरं कारण असं की मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक मोटारीतून कंपनीचा बोर्ड दिसायला हवा होता. त्यांनी माझा रिपोर्ट वाचला, पेन काढलं, 'पुराच्या पाण्याखाली जाते' हे खोडलं आणि वर लिहिलं, 'ऋतूनुसार ओलावा'.

"साबळे," ते म्हणाले, "अर्थ तोच आहे. फक्त भाषा सुधारली."

मी गप्प बसलो. माझा सहा महिन्यांचा प्रोबेशन महिनाअखेरीस संपत होता. चिंचवडला एका खोलीत मी, बायको आणि तीन महिन्यांची मुलगी राहत होतो. कन्फर्मेशनचं पत्र आलं तरच क्वार्टर मिळणार होतं. गप्प बसल्याची मला लाज वाटत होती, आणि तरीही मी बसलो होतो.

त्याच आठवड्यात विलायतेहून पत्र आलं. भागीदार कंपनीचे मि. कार्टर जागा पक्की करायला येत होते. आठ दिवसांचा मुक्काम. शेवटी एक ओळ होती: मधल्या रविवारी गोल्फ खेळायचा विचार आहे, हा भाग मला अपरिचित आहे, तरी जवळपासची मैदानं पाहून आपली शिफारस कळवावी.

रेगे साहेबांनी आधीच्या एका पत्रात आपणही 'थोडंफार' खेळतो असं लिहून ठेवलं होतं. त्यामुळे आता कोणाला विचारायची सोय राहिली नव्हती. त्यांनी मला बोलावलं.

"साबळे, तुम्हाला गोल्फ येतो?"

"नाही, सर."

"हरकत नाही. मैदान म्हणजे काय? जमीन. जमीन हे तुमचं खातं. तीन मैदानं बघा, एक निवडा. आणि नीट बघा. तुमच्या कन्फर्मेशनचा कागद माझ्या टेबलावरच आहे."

हेडक्लार्क सहस्रबुद्धे दारातच उभे होते. त्यांनी माझ्या हातात छापील फॉर्म ठेवले. "कुठलीही साइट म्हटली की फॉर्म नंबर सात," ते म्हणाले. त्या फॉर्मात रकाने होते: पृष्ठभाग, उतार, निचरा, अडथळे, विस्ताराला वाव. कारखान्याच्या जागेसाठी छापलेला फॉर्म होता तो. पण सहस्रबुद्ध्यांशी वाद घालून कोणाचं भलं झाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मग मी आणि बाळोबा निघालो.

पहिलं मैदान पुण्यापलीकडच्या जुन्या क्लबाचं. तिथेच मेजर भेटले. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, आणि त्यांत वाळू भरलेली. मध्ये दोन डबकी. वाटेत ऐन ठिकाणी झाडं. ज्या भोकात चेंडू घालायचा त्याच्याभोवती गवताचं पातं नाही, नुसती काळपट वाळू, आणि तिला रॉकेलसारखा वास. बाळोबाने खाली बसून ती वाळू चिमटीत घेतली, हुंगली आणि म्हणाला, "एवढी मोठी मान्सं, पर मैदानाकडं कुनी लक्ष देत न्हाई."

मलाही अगदी तसंच वाटलं.

दुसरं मैदान लष्कराचं. दुर्बीण घेऊन लष्करी हद्दीत शिरलेल्या दोन माणसांचं जे व्हायचं तेच आमचं झालं. दोन तास आम्ही गार्डरूममध्ये बसून होतो. बाळोबाला त्यांनी चहा दिला, मला नाही. फॉर्मात मी लिहिलं: पाहणी होऊ शकली नाही, जागेचे मालक संशयी आहेत.

तिसरं तळेगावच्या बाजूला. एका मिलमालकांनी बंगल्यासमोर हौसेने केलेली सहा भोकं. पण जमीन काय सुंदर! सरळ, सपाट, एक झाड नाही, एक खड्डा नाही. दुर्बीण लावली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त नऊ इंचांचा उतार. मी खूश झालो. इथे उद्या पाया खणायला घेता आला असता.

चार दिवस बसून मी रिपोर्ट लिहिला. जुन्या क्लबाचे सगळे खड्डे मोजून त्यांना नंबर दिले. एकूण एक्केचाळीस. प्रत्येकाची लांबी, रुंदी, खोली. नकाशा जोडला. शेरा लिहिला: 'जमीन अत्यंत दुर्लक्षित. खड्डे त्वरित बुजवावेत. काही ठिकाणी तेल सांडलेले आहे, कारण समजले नाही. सध्याच्या स्थितीत खेळण्यास अयोग्य.' आणि शिफारस: तळेगाव.

रेगे साहेबांनी फक्त शेवटची ओळ वाचली. मिलमालकांची ओळख व्हावी असं त्यांना कधीपासून वाटत होतं. ते इतके खूश झाले की रिपोर्ट पुन्हा टाइप करवून घेतला आणि खाली स्वतःची सही ठोकली.

कार्टर आले. उंच, वाळके, कमी बोलणारे. पहिले चार दिवस त्यांनी दोन्ही जागा पाहिल्या, फायली चाळल्या, मान हलवली. ओढा कोरडा होता. 'ऋतूनुसार ओलावा' वरून त्यांची नजर पुढे गेली. शनिवारी संध्याकाळी रस्त्यालगतची जागा जवळजवळ ठरलीच होती. सोमवारी सह्या व्हायच्या होत्या.

रविवारी सकाळी मला गेस्ट हाऊसवर बोलावलं. कार्टर नाश्त्याच्या टेबलाशी बसले होते. हातात माझा रिपोर्ट होता आणि ते रुमालाने डोळे पुसत होते. मला वाटलं, घरून काही वाईट बातमी आली. मग कळलं की ते हसत होते.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मीच. जातीने," रेगे साहेब म्हणाले.

"त्वरित बुजवावेत!" कार्टर म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. ते खड्डे मुद्दाम खणलेले असतात. खेळणाऱ्याला अडवायला. डबकी, झाडं, सगळं मुद्दाम. जितके अडथळे जास्त तितकं मैदान नामांकित. वाळूवर तेल टाकतात ते ती दाबून बसावी म्हणून, कारण आपल्या हवेत तिथे गवत टिकत नाही.

रेगे साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे, तसं पाहिलं तर आमच्या ओव्हरसियरने लिहिलंय," ते म्हणाले. "हा साबळे."

माझी नोकरी त्या क्षणी गेली असं मी धरून चाललो. पण कार्टर उठले. "अयोग्य ठरवलेल्या मैदानावर जाऊ," ते म्हणाले. "आणि यांनाही घ्या. नकाशासकट."

क्लबात काठ्यांची पिशवी वाहायला बाळोबा होता. कार्टर चेंडू मारायच्या आधी माझा नकाशा उघडून बघत आणि खड्डे चुकवत पुढे सरकत. रेगे साहेबांनी 'थोडंफार' खेळून दाखवलं. पहिल्या तीन भोकांपर्यंत त्यांचा फटका चौदा वेळा चेंडूऐवजी हवेला बसला, म्हणजे बसलाच नाही. पाचव्या भोकाजवळ चेंडू एकदाचा उडाला आणि नेमका वाळूच्या खड्ड्यात जाऊन पडला.

"खड्डा नंबर सतरा," कार्टर नकाशात बघून म्हणाले. "तीन फूट दोन इंच."

मेजरांचाच खड्डा होता तो. रेगे साहेब आत उतरले. वाळू उडत होती, चेंडू तिथेच होता. आम्ही तिघे काठावर उभे होतो. कार्टर नकाशावरून नजर काढून माझ्याकडे वळले.

"मि. साबळे, जिथे आपण एक वीटही रचणार नाही तिथले एक्केचाळीस खड्डे तुम्ही इंचात मोजलेत. आणि जिथे लाखो खर्च करणार, त्या जमिनीत तुम्हाला काहीच सापडलं नाही? फक्त 'ऋतूनुसार ओलावा'? म्हणजे किती?"

खड्ड्यातली वाळू उडायची थांबली. "साबळे," आतून मराठीत आवाज आला, "जपून."

चिंचवडची खोली डोळ्यांसमोर आली, मुलगी आली, साहेबांच्या टेबलावरचा तो कागद आला. 'नेहमीचा पाऊस' असं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. मी खरंच भ्यालो होतो. पण कार्टरच्या हातात माझाच नकाशा होता, आणि त्यातल्या आकड्यांवर हा माणूस सकाळपासून डोळे मिटून विश्वास ठेवत होता.

मी बाळोबाकडे वळलो. "बाळोबा, साहेब विचारतात, त्या रस्त्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाणी किती असतं?"

बाळोबाने पिशवी खाली ठेवली. मांडीला हात लावला. मग जरा विचार केला आणि हात कमरेवर नेला. "दर साली हितवर. मोठ्या पावसात हितवर." मग त्याने खड्ड्यात पाहिलं. "आन साहेबास्नी सांगा, त्यांचा चेंडू निघंल आज ना उद्या. माझ्या सासऱ्याचा बैल त्या रानात रुतला त्यो न्हाई निगाला."

मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. सांगायची फारशी गरज नव्हती. कमरेवरचा हात कार्टरना कळला होता.

माझ्या रिपोर्टात हे होतं, भाषा नंतर सुधारली, एवढं मी जोडलं. कार्टरनी रेगे साहेबांना हात देऊन वर घेतलं, कपड्यांवरची वाळू झटकली आणि म्हणाले, "आधीचा रिपोर्ट बघू. भाषा सुधारायच्या आधीचा."

सोमवारी सह्या झाल्या, पण भोसरीच्या माळावर. कोनशिलेच्या समारंभात रेगे साहेबांनी पाऊण तास भाषण केलं आणि मुरमाड जमिनीचं महत्त्व आपण कसं पहिल्यापासून ओळखलं होतं ते सांगितलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. कार्टर जाताना त्यांना सांगून गेले होते की हा माणूस सोडू नका. त्यामुळे साहेबांना मला सोडता आलं नाही. प्रोबेशन मात्र तीन महिने वाढवला. शेरा होता: रिपोर्टात अनावश्यक तपशील. क्वार्टर मिळालं तेव्हा मुलगी रांगायला लागली होती.

पुढे माझ्या हाताखाली नवे ओव्हरसियर आले की मी त्यांना एवढंच सांगायचो: साहेबांनी वाचावं असं काही असेल तर ते कामाच्या कागदात लिहू नका, त्यांच्या रविवारच्या कागदात लिहा.

रेगे साहेबांनी रस्त्याचा हट्ट पूर्ण सोडला नाही. त्या काळ्या रानाचा कोपरा त्यांनी भाड्याने घेतला आणि तिथे दोन लोखंडी खांबांवर कंपनीचा मोठा बोर्ड उभा केला. मुंबईच्या मोटारींना तो छान दिसायचा. श्रावणात तो डावीकडे कलायचा. पाणी ओसरलं की मी आणि बाळोबा दुर्बीण घेऊन जायचो आणि चिखलात उभे राहून तो सरळ करायचो. दर वर्षी. निवृत्त होईपर्यंत साहेब मला त्याचं कारण लेखी मागायचे. मी फॉर्म नंबर सात घ्यायचो आणि त्यांच्याच भाषेत भरायचो: ऋतूनुसार ओलावा.