रामेनच्या दुकानातला ‘नको’

चिंचवड स्टेशनावर मला पोचवायला कुरुळीहून बैलगाडी भरून माणसं आली होती. पिंपरीच्या नव्या कारखान्यानं यंत्र शिकण्यासाठी मला काही महिने जपानला धाडलं होतं. दशम्यांचं गाठोडं हातात देत आई एवढंच म्हणाली, “खायाला लाजू नगंस रं.” मी हसलो. खायला कोण लाजतं!

बोटीचा प्रवास संपवून दक्षिणेकडच्या एका बंदराच्या गावी उतरलो. कारखान्यात माणसं मान लववत, खुणांनी यंत्र समजावत आणि संध्याकाळी आपापल्या घरी जात. मी खोलीवर जाई. रविवारी तर तोंडातून एक शब्द निघत नसे.

अशाच एका रविवारी गोदीजवळ रामेनचं (गरम रश्शातल्या लांब शेवयांचं) दुकान दिसलं. दाराला निळा पडदा, आत एक बाकडं, समोर लाकडी फळी आणि पलीकडे आईच्याच वयाची बाई शेवया उकळतेय. रश्शात काय शिजलंय हे विचारायची भाषा माझ्याजवळ नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. मांसाचे काप दिसले तेवढे बाजूला सारले. हाशी (जेवायच्या काड्या) काही केल्या हातात ठरेनात. शेवया निसटून पुन्हा वाडग्यात. बाई तोंडावर हात धरून हसली. किती दिवसांनी कुणी मला हसत होतं! बरं वाटलं.

शेवया संपल्या, भूक अर्धीच भागली. तेवढ्यात बाईनं पातेल्याकडे बोट दाखवून विचारलं, “मोत्तो?” (आणखी?) माझा हात आपोआप वाडग्यावर आडवा झाला. “नको, नको!” आमच्याकडे पहिल्या खेपेला हो कोण म्हणतं? वाढणाऱ्यानं म्हणायचं, “असं कसं पाव्हणं, अर्धी तरी घ्या,” आणि वाढायचंच. मी वाट बघत बसलो. बाईनं मान लववली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

पुढच्या रविवारी मनाशी पक्कं करून गेलो, आज विचारताक्षणी हो म्हणायचं. पण तिनं माझं ‘नको’ नीट लक्षात ठेवलं होतं. शेजारच्या हमालाला विचारलं, वाढलं. माझ्याकडे बघून मायेनं हसली आणि पुढे गेली. मागून घ्यायला जीभ रेटेना. खोलीकडे परतताना रस्त्यातच रडू फुटलं. ‘असं कसं’ म्हणणारं त्या अख्ख्या मुलखात मला कुणी नव्हतं.

परतलो त्या दिवशी मोशीला इंद्रायणी ओलांडून कुरुळीला पोचेपर्यंत दुपार टळली. आईनं पिठलं-भाकरी वाढली आणि समोर बसली. भाकरी संपत आली तशी दुसरी उचलून म्हणाली, “वाढू का रं?”

“वाढ.”

तिचा हात तसाच थांबला.

“येकदा बी नगं म्हनला न्हाईस,” ती हळूच म्हणाली. “तितं कुणी वाढाया नव्हतं व्हय रं?”

मी मान खाली घालून ताट पुढे सरकवलं.