वहिनीचे फॉलोअर्स

'आपल्याला ऑडियन्स नकोय, कम्युनिटी हवीय,' असं कुणी तोंड वर करून म्हणालं की मला अजून घाम फुटतो. हे वाक्य मी पहिल्यांदा आमच्याच घरात, सोफ्यावर बसून आमचाच चहा पिणाऱ्या एका इसमाच्या तोंडून ऐकलं. स्वतःला तो सोशल मीडिया स्ट्रॅटेजिस्ट म्हणवायचा. राहायला खारघरला, बोलायला अर्ध्या इंग्रजीत, आणि संगीतातलं कळायचं किती? तर वहिनीला पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, 'मॅम, हे गाणं थोडं लहान होईल का?'

घरात गाणारी ती एकटीच. शब्द तिचे, आवाज तिचा, चाल लावायला आणि कीबोर्ड वाजवायला मी, तिचा धाकटा दीर. पनवेलच्या कडेला आमचं गाव आहे, म्हणजे होतं, आता चारी बाजूंनी टॉवर आहेत. वरच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून मी रेकॉर्डिंगची सोय केली होती. तिथे आम्ही तिचं मिठागरावरचं गाणं केलं. तिचं माहेर जासईचं. आईकडच्या बायका मिठागरात राबलेल्या. वाफ्यातलं मीठ ओढताना त्या जो ठेका धरायच्या, तोच तिने गाण्यात धरला होता.

मी त्याचं धृपद मोबाईलवर टाकलं आणि ते चाललं. का चाललं ते मला आजही माहीत नाही, आणि जो माहीत आहे असं सांगतो तो थापा मारतो. पोरी त्यावर नाचायला लागल्या. तळोज्याच्या कारखान्यातली माणसं शिफ्ट सुटल्यावर हेल्मेट घालूनच नाचायला लागली. एका बाईने तर म्हशीला त्या गाण्यावर आंघोळ घातली. फॉलोअर्स वाढत गेले आणि माझं डोकं फिरलं, हे कबूल करायला मला लाज नाही वाटत, सगळ्यांचंच फिरतं.

दादाचं नाही फिरलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा. जासईच्या कंटेनर यार्डांना ट्रेलर पुरवतो, आणि ज्याला चाकं नाहीत तो धंदाच नाही असं त्याचं ठाम मत. जेवताना म्हणाला, 'मोबाईलमंदी कोन बी टाळ्या वाजवतं. एक कार्यक्रम लावा. हॉल भरला तर म्होरं काय करायचं ते करा. नाय भरला तर ह्ये खूळ बंद, आनि हिनं माज्या हापिसात बसायचं. बिलं करायला मानूस नाय माज्याकडं.'

वहिनी भात वाढत होती. 'बरं,' म्हणाली. ती 'बरं' म्हणाली की मला चिडायला होतं, कारण तिच्या 'बरं'मध्ये काय असतं ते कुणालाच कळत नाही. पण त्या दिवशी एवढं कळलं, की हॉल भरला नाही तर ही बाई आयुष्यभर ट्रेलरची बिलं करणार.

म्हणून मी त्या खारघरच्या शहाण्याला बोलावलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि सुरू झाला. पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला पकडा. रोज काहीतरी टाका. पडद्यामागचं दाखवा, म्हणजे वहिनी भांडी घासताना गुणगुणते असं. वहिनी म्हणाली, 'भांडी घासायला बाई येते आमच्याकडं.' तो म्हणाला, 'तरी घासा.' घासली बिचारीने! चकाचक पातेली पुन्हा घासली आणि ह्याने तीन बाजूंनी शूट केलं. मी दारात उभा राहून दात खात होतो.

मग कॉमेंटचा विषय. वहिनीची उत्तर द्यायची तऱ्हा वेगळी होती. कुणी नुसतं लाल बदाम टाकलं तरी ती लिहायची, 'जेवलात का? आई बरी हाय ना आता?' कारण मागे कधीतरी त्या बाईने आईच्या ऑपरेशनचं लिहिलेलं असायचं आणि वहिनीच्या ते लक्षात असायचं. चार-पाच बायकांशी तर रोजचं बोलणं. हा म्हणाला, 'मॅम, हे स्केल होत नाही.' आणि त्याने पाच तयार उत्तरं लिहून दिली, आलटून पालटून टाकायला. 'तुमचं प्रेम हीच आमची ताकद' हे त्यातलं सगळ्यात बरं. बाकीची सांगण्याच्या लायकीची नाहीत.

पण खरा घोळ घातला तो तारखेत. त्याने एक आलेख दाखवला. आमचे फॉलोअर्स सगळ्यात जास्त जागे कधी असतात, तर रविवारी संध्याकाळी. मे महिन्यातल्या रविवारी तर रेघ नुसती आभाळात गेलेली. 'बघा,' तो म्हणाला, 'तुमची कम्युनिटी रविवारी ॲक्टिव्ह आहे. शो रविवारीच.'

वहिनी म्हणाली, 'त्या रविवारी माज्या माहेरी हलद हाय.'

'हळद म्हणजे घरगुती ना, मॅम?'

घरगुती! आमच्या पनवेल-उरण पट्ट्यातली हळद घरगुती! लग्नाला एकवेळ कुणी जाणार नाही, पण हळदीला अख्खा गाव, शेजारचे गाव, मांडवात डीजे, मटणाचे टोप, एकाच रंगाचे शर्ट घातलेले सगळे चुलतभाऊ. आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. अहो, ती रेघ आभाळात जाते ती त्यामुळेच! माणसं घरी रिकामी बसलेली नसतात, मांडवात नाचत असतात आणि ते दाखवत असतात. मी हे त्याला सांगितलं. मोठ्याने सांगितलं. तो मान तिरपी करून माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी पृथ्वी सपाट आहे म्हणतोय. 'सर, डेटा खोटं बोलत नाही,' म्हणाला. हॉलची तीच एक तारीख मोकळी होती, हेही खरं. मे महिन्यातल्या रविवारी पनवेलचा हॉल मोकळा मिळतोय, ह्यातच काय ते समजायला हवं होतं. ग्राफ पुढे आला की भल्याभल्यांची अक्कल चपला काढून बाहेर बसते.

रविवार आला. पोस्टखाली येतो म्हणून कळवणाऱ्यांची झुंबड, 'नक्की', 'शंभर टक्के', 'ताई, पहिल्या रांगेत'. आणि हॉलमध्ये? वहिनीच्या त्या चार-पाच बायका. एक उरणची, मोरा बंदरावर मासळी विकून थेट आलेली. एक पनवेलच्या जुन्या ज्यू कुटुंबातली निवृत्त बाई, इस्त्रीच्या साडीत, मुलं सगळी परदेशात गेलेली, ही एकटी मागे राहिलेली. बाकी खुर्च्या. दादा शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. त्याचा चेहरा बघून मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

आमचा शहाणा मात्र खुशीत! स्टेजसमोर मोबाईल लावून त्याने सगळं लाइव्ह सोडलं होतं. मधेच माझ्याजवळ आला, 'सर, एंगेजमेंट तुफान आहे, बघा, बघा.' बघितलं. लोक धडाधड वहिनीला टॅग करत होते. कुठून? तर जासईच्या मांडवातून. तिचंच गाणं डीजेवर लागलेलं, आणि तिचे फॉलोअर्स, तेच 'पहिल्या रांगेत'वाले, हात वर करून त्यावर नाचत होते. 'ताई, तुमचं गानं वाजतंय इकडं! मिस यू!' डोंबल मिस यू.

वहिनीने तो मोबाईल घेतला, बघितलं आणि परत दिला. मग पुढे बसलेल्या बायकांना म्हणाली, 'चला गो, माज्या माहेरी जेवायला.' आणि स्टेजवरून उतरली. दादाला म्हणाली, 'गाडी काढा.'

जासईला पोचलो तेव्हा मांडव दणाणत होता. वहिनीला बघून आरडाओरडा झाला, तिला उचलूनच स्टेजवर चढवलं, हातात माईक दिला. डीजेवाल्याने ठेका धरला. वहिनीने धृपद उचललं आणि अख्खा मांडव तिच्याबरोबर ओरडायला लागला. पंधरा सेकंद. मोबाईलवर होतं तेवढं. मग ती पुढच्या कडव्यावर गेली, आणि नाच थांबला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ह्या गाण्याला पुढे काही आहे हे कुणाला माहीतच नव्हतं! एका काकीने तर खालून सांगितलं, 'बाय, तू मोबाईलवालंच म्हन ना, ह्ये काय मधीच?' माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने आलं. असल्या लोकांना चाहते म्हणायचं! ह्यांच्यासाठी ती पातेली घासली!

वहिनी थांबली नाही. ठेका सोडून, सावकाश, कडवं म्हणत राहिली. मिठागरातून घरी आलेल्या बाईचं ते कडवं.

'पाय फुटले माजे, कोनी इचारलं नाय,
कालवनात मीठ मातर बरोबर पडलं.'

उरणची बाई आणि ती इस्त्रीच्या साडीतली बाई, दोघी खाली उभ्या राहून तिच्याबरोबर म्हणत होत्या. शब्द न् शब्द. वहिनीने त्यांना कधीतरी पाठवलं असणार. बाकी मांडव मटण कुठवर आलं ते बघत होता.

ती खाली उतरली तेव्हा दादा पुढे आला. मला वाटलं, आता हा हॉलचं काढणार, आणि काढलं तर मी काय बोलेन ह्याचा नेम नव्हता. पण त्याचा आवाज वेगळाच होता. 'ह्ये म्होरचं कधी केलंस?' म्हणाला. 'मी आज पयल्यांदा ऐकलं.'

वहिनी पदराने तोंड पुसत होती.

'रोज रांधताना म्हनते,' ती म्हणाली. 'तुमी बाजूला बसून मोबाईल बघत असता.'