धाकट्या दिरांचा रिपोर्ट आला

आज मंगळवार. सकाळी धाकट्या दिरांसोबत कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेले होते. माझे मिस्टर गेल्या वर्षी मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले. आता दिरांनाही तिथेच गाठ निघाली.

डॉक्टरांनी गाठीच्या तुकड्याचा फोटो दाखवला. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींतलं प्रथिन त्यात तपकिरी दिसतं. मिस्टरांच्या फोटोत सगळं तपकिरीच होतं. यात मोजकेच ठिपके! "गाठ वरवरची आहे, सौम्य आहे. पण तपासायला येत राहा," डॉक्टर म्हणाले.

दीर म्हणाले, "वैनी, दादाला म्हणावं एकटाच बस अजून. मी न्हाय येत एवढ्यात!" मी दवाखान्यातच मोठ्याने हसले.

लघवीतून रक्त गेलं तर तुमच्या घरचे लगेच सांगतात का? मिस्टरांनी अंगावर काढलं होतं.

घरी आल्यावर कडकडून भूक लागली. एकटीसाठी दोन भाकऱ्या थापल्या आणि दोन्ही खाल्ल्या.