विरोधात एक हात

कोपरला आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर एकटेच राहणारे ते गृहस्थ रोज सकाळी खाली बाकावर पेपर घेऊन बसत. कुठे युद्ध पेटलं, कोणत्या हुकूमशहाने कुणाला तुरुंगात टाकलं, यावर माझ्याशी तावातावाने वाद घालत. "अहो, स्वातंत्र्य काय फक्त सैन्यानेच राखायचं असतं?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता चष्मा पुसू लागत.

गेल्या वर्षी सभेत चेअरमननी ठराव मांडला, की कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही. विरोधात एकच हात वर झाला, त्यांचा. मी खाली मान घालून हातातला कागद वाचत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून ते दुखरे गुडघे घेऊन त्या बायकांबरोबर जिन्याने चढू लागले. बाकावर येणंही त्यांनी सोडलं.

परवा माझ्या दारासमोर, दुसऱ्या मजल्यावर, ते कठडा धरून दम खात उभे होते. न राहवून मी म्हटलं, "चला, वरपर्यंत सोबत येतो."

"नको," ते शांतपणे म्हणाले, "सोबत हवी होती ती सभेत."

आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागले.