थांबाबाईंचा उलटा बैल

बाई प्रश्न विचारायच्या आणि उत्तराची वाट पाहायच्या. यात विशेष ते काय, असं वाटेल. पण आमच्या सौंसरकडे विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो. "काय वं, जेवली का? जेवलीच असशीन!" बालवाडीच्या बाई मात्र मुलाला नाव विचारून त्याच्यासमोर मांडी घालून बसत. त्याच्या आईनं तोंड उघडलं की हात वर करत, "थांबा न, त्याले सांगू द्या." त्यावरून त्यांचं नाव पडलं थांबाबाई. त्यांना ते ठाऊक होतं. "बोंबलीबाई तं नाही म्हनत न लोक!" म्हणून हसायच्या.

मी जवळच्याच रामाकोना गावची. बाबा संत्र्याच्या बगीच्यात रखवालदार. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली. सौंसरला वर्ग दुपारी सुटायचे आणि गावाकडची बस संध्याकाळी. मधला वेळ काढायला मी बालवाडीच्या ओट्यावर बसू लागले. एक दिवस बाई म्हणाल्या, "बसूनच राहिली तं आत येऊन बस." तेव्हापासून मी आत बसू लागले.

आत पिंकी होती. बोलत नसे, कुणाकडे बघत नसे. डब्याचं झाकण जमिनीवर फिरवत बसे. तिची चटई कुणी जरा सरकवली तरी किंचाळून बालवाडी डोक्यावर घेई. तिच्या आजीचा जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलून झाला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी 'ऑटिझम' असा शब्द सांगितला होता, तो आम्हा कुणालाच धड म्हणता येत नव्हता. पिंकीची आई विचारायची, "डाक्टर म्हने याले गोळी नाही. बिना गोळीचा कोनता आजार असते बाई?"

"मंग आजार नसन तो," बाई म्हणाल्या. "पाहू न थांबून."

तान्ह्या पोळ्याला सगळी मुलं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत अंगणात आली. पिंकीनं आपला बैल उलटा केला आणि त्याच्या पायाचं चाक फिरवत बसली. पाहायला आलेल्या बाया हसल्या. तिच्या आईनं ओशाळून बैल सुलटा केला. पिंकी किंचाळली. आईनं पुन्हा सुलटा केला, पिंकी पुन्हा किंचाळली.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी एक बैल घेतला, तोही उलटा केला आणि पिंकीशेजारी बसून चाक फिरवू लागल्या. इकडे रांग थांबली, बक्षीस द्यायला आलेले पाहुणे घड्याळ बघू लागले. बाई आपल्या चाक फिरवण्यात दंग. बऱ्याच वेळानं पिंकीनं मान वळवली आणि बाईंच्या चाकाकडे पाहिलं. मग तिनं हात पुढे केला आणि ते फिरवलं.

त्या दिवशी मला काय करायचं आहे ते कळलं. पण घरी सांगायची हिंमत नव्हती; बाईंना तेवढं सांगितलं.

नागपूरला अशा मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण मिळतं, हे बाईंनीच शोधून काढलं. मी चाचरत घरी सांगितलं, तर बाबा संतापले. "बँकेत लागशीन म्हनून शिकवलं तुले. येड्या पोट्ट्यायच्या मांगं पळाले नाही!" दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर सौंसरला आले, बाईंना चार शब्द सुनावायला.

बाईंनी वाद घातलाच नाही. पाणी दिलं, चटईवर बसवलं आणि विचारलं, "भाऊ, तुम्हाले कायचं भेव वाटते?"

आणि थांबल्या.

बाबांना असं कुणी विचारून थांबलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. ते भांडायचं ठरवून आले होते, पण समोर भांडणच नव्हतं. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "लोक हासतीन जी," ते शेवटी म्हणाले. "आमाले काय कमी हासले लोक? वाटलं, हे पोरगी तरी सुटली त्यातून."

तेवढ्यात पिंकी आली. तिनं आपला बैल बाबांच्या गुडघ्यावर उलटा ठेवला, चाक फिरवलं आणि हात मागे घेतला. चाक थांबलं. पिंकी उभीच. बाबांनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कुदळीनं घट्टे पडलेल्या बोटानं हळूच चाक फिरवलं. पिंकी खुदकन हसली.

बाबा माझ्या पुढे चालत बस स्टँडवर आले. तिथे म्हणाले, "नागपूरची गाडी सकाळी लागते का दुपारी?"

मला एकदम कडकडून भूक लागली. सकाळपासून मी काही खाल्लंच नव्हतं. बाबांनी भजी घेतली आणि आम्ही दोघांनी उभ्याउभ्या खाल्ली. अर्ध्यातच ते म्हणाले, "पोट्टी हासली पन बरं का."

मी निघाले त्याच सुमारास बाईंची पांढुर्ण्याला बदली झाली. तरी मला पोचवायला त्या स्टँडवर आल्या. खिडकीतून मी विचारलं, "बाई, मला जमेल ना?"

त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. कंडक्टरनं दारावर थाप मारली, "चलो, नागपूर!"

"थांब न रे बावा," बाई त्याला म्हणाल्या. "पोरगी बोलून राहिली."

बस थांबली. लोक माझ्याकडे बघू लागले.

"जमेल," मी म्हणाले.

"हाव," म्हणून बाईंनी कंडक्टरला हात केला. "आता जाऊ दे."